दगडाच्या डोक्याचा रंग

नायना आधी सूत रंगवायचे, मग दगड.
अशोक चौकामागचा कारखाना बंद पडला
तेव्हा कोपरापर्यंतचा निळा अजून उतरला नव्हता,
तेच हात बांधकाम खात्यात रोजंदारीवर लागले.

पहिल्याच आठवड्यात पाठ केलं:
राष्ट्रीय महामार्गाला पिवळं डोकं,
राज्य महामार्गाला हिरवं,
जिल्ह्याच्या रस्त्याला काळं,
गावाकडं वळणाऱ्याला केशरी, ते फार उशिरा आलं.
अंग सगळ्यांचं पांढरंच.
आई विड्या वळता वळता म्हणायची,
"म्हंजे टोपीवरून वळखायचं की."

सायकलच्या दांडीवर बसवून त्यांनी मला रस्ते शिकवले.
सात रस्त्याला थांबून म्हणाले, "मोज.
यातला एक बी आपला न्हाई, हे महापालिकेचे.
आपले नाक्यापलीकडं सुरू होतात."
मला वाटायचं, नाक्यापलीकडचं सगळं
नायनांच्याच मालकीचं आहे.

मग एका वर्षी दिल्लीहून कागद आला, आकडे बदलले.
नऊचा पासष्ट झाला.
विजापूरचा तेरा बावन्न झाला,
धुळ्याचा दोनशे अकरा, तोही बावन्न.
साहेबांनी खुर्चीतूनच समजावलं:
उत्तर-दक्षिण जाणारे सम, पूर्व-पश्चिम जाणारे विषम.
नायना म्हणाले, "ताणा आन् बाणा, साहेब."
साहेब कोकणातले. त्यांनी पुढचं पान उलटलं.
चार महिने जुन्या आकड्यावर पांढरा हात, त्यावर नवा आकडा.
उन्हाळ्यात पापुद्रा सुटला की
पासष्टच्या पोटातून नऊ डोकावायचा,
चादर उलटी केल्यावर नक्षी दिसते तसा.

गुरुसिद्ध बिराजदार मैलकामगार.
तीस वर्षं पासष्टचे, म्हणजे नऊचेच, खड्डे भरले त्यानं.
घर मात्र डांबरापासून दीड कोस आत,
ओढ्यातून, बाभळीतून.
पुढं मी त्याच खात्यात कारकून झाले, नोंदवही उघडली:
राष्ट्रीय, राज्य, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा, ग्रामीण.
पाच रकाने. त्याच्यासाठी सहावा आखावा लागला असता.
"वाट हाय की," तो म्हणायचा, "रस्ता न्हाई."
तक्रार नव्हे. साप आहे पण विषारी नाही, त्या सुरात.

ठराव, मोजणी, अंदाजपत्रक, पुन्हा मोजणी.
अकरा वर्षं.
गुरुसिद्ध निवृत्त झाला, गुडघे गेले,
मग वाट वहीत आली: ग्रामीण मार्ग एकशे सत्तेचाळीस.
नोंद माझ्या अक्षरात आहे.
लिहिताना मी पेन बदललं, का ते माहीत नाही.

दगड ठेकेदारानं लावला.
केशरी डोकं, साच्यातून मारलेली अक्षरं:
बिरजदार वस्ती ०.
एक काना कमी.

नायनांच्या एका डोळ्यात तोवर फूल पडलेलं.
तरी पिशवीत काळ्या रंगाची डबी, बारीक ब्रश, रॉकेलची चिंधी.
"ठेकेदाराला पत्र काढते," मी म्हटलं.
"एका रेघेला पत्र?"
गुरुसिद्ध काठी टेकत दगडापाशी आला.
वाचता येत नव्हतं त्याला,
काय चुकलंय ते आम्ही सांगितलंही नाही.
"का करायलाव, गड्डममामा?"
"काय न्हाई. पुसायलोय."

र आणि ज यांच्यात जागा इतकी थोडी
की श्वास धरून, वरून खाली, एकदाच.
किंचित कलला. बाकीची अक्षरं छापाची, हा एक हाताचा.
गुरुसिद्धनं बोट पुढं केलं, रंग ओला दिसला,
हात वर नेला आणि टेकवला
कोरड्या केशरी डोक्यावर.

मग आम्ही तिघं कडेला सरलो.
मागून दुधाची गाडी हॉर्न देत होती.